विषय कोण निवडतं?

(तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात सत्राच्या सुरुवातीला, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या आया यांच्यासमोर केलेलं भाषण.)



विषयनिवडीचा फॉर्म कसा भरायचा ते मुलींना समजावून सांगा, म्हणून मला इथे बोलावलं आहे. ते मी सांगणारच आहे. पण आधी एक प्रश्न विचारते. त्या फॉर्मवर विषयापुढे खूण तुम्ही कराल, पण ती ठरवलेली कोणी असेल?

मुलींच्या शिक्षणाच्या कामात ‘हा विषय का घेतलास?’ असं मी नेहमी विचारते. उत्तरं ठरलेली असतात. ‘दीडची एसटी मिळते.’ ‘दादा म्हणाला, सोपा आहे.’ ‘प्रॅक्टिकल नाही, लवकर घरी जाता येतं.’ ‘मला आवडतो’ असं फार थोड्या मुली सांगतात, तेही लाजत. जणू आवडणं हे काही कारणच नव्हे!

यातलं एकही कारण खोटं नाही. गाडी चुकली तर घरी काय ऐकावं लागतं हे इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. पण मुलीच्या वेळेवर घराचा हक्क पहिला, आणि मग उरलेल्या वेळात बसेल तो विषय, हा हिशोब आजचा नाही. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. तीनच वर्षांत, १८८७ मध्ये, टिळकांच्या इंग्रजी ‘मराठा’ पत्राने त्याच्या अभ्यासक्रमावर टीका केली. अकरा ते पाच ही वेळ नको, थोडे तास ठेवा, म्हणजे मुलींना घरकाम करता येईल, असा त्यातला एक मुद्दा होता. दीडच्या एसटीचा प्रश्न इतका जुना आहे!

पुढे १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. मातृभाषेतून शिकायची सोय झाली, कितीतरी जणींना दार उघडलं. पण गृहशास्त्र आणि आरोग्य यांना तिथे मुद्दाम जागा दिली गेली, कारण बाईचं शिक्षण घराच्या गरजेप्रमाणे असावं ही समजूत त्यामागे होती. त्याच विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. बाईला घरकाम शिकवायचं, याच्या जागी घरकाम बाईनेच का करायचं, हा प्रश्न विद्यापीठात विचारता येऊ लागला. विषय बदलला की प्रश्न बदलतात, आणि प्रश्न बदलले की माणूस बदलतं. म्हणून विषयाची निवड ही साधी गोष्ट नाही.

आता तुमच्या फॉर्मकडे येऊ. नवं शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात मुख्य विषय आहे, दुय्यम विषय आहे, कौशल्याचे विषय आहेत, आणि एक खुला ऐच्छिक विषय आहे. हा खुला विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. म्हणजे कला शाखेच्या मुलीला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतला विषय घेता येतो. एरवी बंद असलेली ही खिडकी आहे. ‘सगळ्यांनी घेतला’ म्हणून ती वाया घालवू नका.

एक श्रेयांक म्हणजे सत्रात वर्गातले साधारण पंधरा तास. प्रात्यक्षिकाला तेवढ्याच श्रेयांकासाठी तीस तास लागतात. म्हणूनच मुली प्रात्यक्षिकाचे विषय टाळतात. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तास कमी पडतात म्हणून. यावर उपाय विषय सोडणं हा नाही. चार-पाच जणी मिळून प्राध्यापकांकडे जा आणि प्रात्यक्षिकाची तुकडी सकाळी घ्या म्हणून लेखी मागा. आणि आयांनो, त्या दिवशी पाणी भरायला, भाकरी टाकायला घरात दुसरं कोण आहे, हा प्रश्न तुम्ही घरी विचारा. मुलगा असेल तर त्यालाही हात आहेत.

दुसरी गोष्ट मोबाइलची. तुमचे श्रेयांक आता शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात. तिचं खातं आधारशी जोडलेलं असतं आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. बऱ्याच घरांत तो नंबर वडिलांचा किंवा भावाचा असतो. म्हणजे कमाई मुलीची, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. हे काम या महिन्यातच करा.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा आता आहे. त्यासाठी वर्षाच्या श्रेयांकांशिवाय चार श्रेयांकांचं जादा व्यावसायिक काम करावं लागतं. ज्या मुलीला मध्येच नोकरी धरावी लागते तिला हा आधार आहे. पण मला भीती आहे ती वेगळीच. ‘प्रमाणपत्र मिळालं ना, आता स्थळ बघू’ असं म्हणायला घरच्यांना एक कागद मिळाला आहे. तेव्हा त्याच नियमाचा दुसरा अर्धा भागही पाठ करून ठेवा: बाहेर पडलेली मुलगी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकते, आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकते. लग्नाची बोलणी चालली असतील तर ही तीन वर्षं त्या बैठकीत उच्चारली गेली पाहिजेत. मुलीने बोलावं, तिला बोलता येत नसेल तर आईने बोलावं.

फॉर्म भरण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा. या विषयात मला काय शिकायला मिळेल? तो शिकवायला शिक्षक आहेत का? यातून पुढे कुठे जाता येतं? आणि वेळेची, गाडीची, घरच्या कामाची अडचण नसती तर मी हाच विषय घेतला असता का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर अडचण कोणती ते त्याच कागदावर लिहा आणि आज जाण्याआधी माझ्याकडे द्या. दहा कागदांवर दीडची एसटी निघाली, तर आपण दहा जणी मिळून आगारप्रमुखांकडे जाऊ. विषय बदलण्याआधी गाडीची वेळ बदलून मिळते का ते पाहू.