एका सहीचे राज्य आणि बहात्तर गावांचे राज्य

(नाशिकच्या सातपूर येथील व्याख्यानमालेत एप्रिलअखेरीस दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



फलकावर विषय लिहिला आहे, ‘परकीय हस्तक्षेप आणि राष्ट्रांची लोकशाहीसाठी झुंज’. इराण, चिली, काँगो अशी जगाची सफर घडेल, असे आपल्याला वाटत असेल. इराणला मी जाणार आहे. पण माझा जीव अडकला आहे तो आपल्याच मुलखात, साताऱ्यात आणि औंधात. मला सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रात्रपाळीला पोचायचे आहे त्यांना ते घेऊन निघता येईल. (हशा)

परकी सत्ता देशात शिरते ती फौजेच्या आधी, एका सहीने. ज्या राज्यात सही करणारा एकच असतो, ते राज्य परक्याच्या हाती स्वस्तात पडते. म्हणून लोकशाही ही स्वातंत्र्य मिळाल्यावर, सवडीने करायची गोष्ट नव्हे. स्वातंत्र्य राखण्याचा तोच पहिला बंदोबस्त आहे.

सातपूरच्या कामगारवस्तीत हे पटवून द्यायला वेळ लागू नये. ज्या युनियनमध्ये करारावर एकटा पुढारी बंद खोलीत सही करतो, तिथे मालकाला एकच माणूस सांभाळावा लागतो. जिथे करार आधी गेटसभेत वाचला जातो, तिथे मालकाला सगळ्या खात्यांची समजूत घालावी लागते. (टाळ्या) या टाळ्या कोणत्या रांगांतून आल्या ते मी पाहिले.

आता इतिहास. ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. तो तुम्ही शाळेत पाठ केला आहे. सहा पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या, खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख आपला, आणि दुसऱ्या कोणत्याही राज्याशी बोलायचे तर कंपनीला विचारून. होळकरांच्या भीतीने पळालेल्या एका माणसाने, दुसऱ्या बाजीराव पेशव्याने, सही केली. शिंदे, भोसले, होळकर यांना कुणी विचारले नाही. रयतेला विचारण्याची तर रीतच नव्हती. त्यानंतर पुण्यात संगमावर बसलेला कंपनीचा रेसिडेंट पेशव्याने कारभारी कोण ठेवावा, हेही सांगू लागला. १८१५ साली पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशव्याचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना स्वाधीन करा म्हणून हट्ट धरला. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले आणि अखेर १८१८ मध्ये पकडले गेले ते इथेच, निफाडकडच्या अहेरगावात. खून कुणी केला याचा वाद चालू राहू द्या. माझा मुद्दा इतकाच की, राज्य पेशव्याचे आणि कारभारी नेमण्या-काढण्याचा हुकूम रेसिडेंटचा, अशी अवस्था तलवार उपसण्याआधीच आली होती.

 

पण एक शंका इथे रास्त आहे. बाजीराव दुबळा निघाला, सही करून बसला. राजा बाणेदार असता तर? याचे उत्तर साताऱ्याने दिले आहे. ते आपल्याकडे फार कमी सांगितले जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रतापसिंह महाराज. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीच त्यांना १८१८ मध्ये साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ चा तह केला. त्यातली मेख तीच जुनी: बाहेरच्या कुणाशीही परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही. सुरुवातीला कारभारही ग्रँट डफच पाहत होता, आपला इतिहास लिहिणारा तोच. १८२२ मध्ये अधिकार महाराजांकडे आले आणि या माणसाने काय केले? रस्ते बांधले, यवतेश्वरावरून शहरात पाणी आणले, शाळा काढली, छापखाना आणला. रेसिडेंटच्या छायेत बसून राजाने शहाणपणाने किती करावे, याचा हा उत्तम नमुना होता. मग त्यांच्यावर आरोप आले. पलटणीतले शिपाई फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी संधान बांधले. १८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याचे म्हणणे साधे होते: चूक कबूल केल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील.

महाराजांनी सही केली नाही.

(टाळ्या) थांबा, टाळ्या राखून ठेवा, कारण पुढे काय झाले ते ऐका. ५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटेपूर्वी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स फौज घेऊन वाड्यात शिरला. महाराजांना बिछान्यातून उठवून पालखीत घातले, लिंब गावी नेले आणि तिथून पुढे काशीला. गादीवर धाकटे बंधू अप्पासाहेब बसले. शहर झोपेतून उठले तोवर राजा बदललेला होता! बाजीरावाने सही केली, राज्य गेले. प्रतापसिंहांनी सही नाकारली, तरी राज्य गेलेच. एक भित्रा, एक बाणेदार, फळ एकच. कारण राज्य ज्या एका माणसात साठवलेले होते, त्याला उचलून पालखीत घालता येत होते.

आणि या कथेत रंगो बापूजी आहेत, त्यांना वगळून मला पुढे जाता येत नाही. रोहिडखोऱ्यातल्या गुप्ते देशपांड्यांचे हे घराणे. शिवरायांच्या पहिल्या सवंगड्यांतल्या दादाजी नरसप्रभूंचे वंशज. महाराजांची बाजू मांडायला हा गृहस्थ १८४० च्या सुमारास लंडनला पोचला. परका देश, परकी भाषा, परकी थंडी. त्याने कंपनीच्या भागधारकांच्या सभांत दाद मागितली. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्पसन असे काही इंग्रज त्याच्या बाजूने उभे राहिले. निवेदने छापली, वाटली, पुन्हा छापली. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले. वकिलाचा धनी गेला, पण वकील हटला नाही. पुढच्याच वर्षी अप्पासाहेब निपुत्रिक गेले, दत्तक नामंजूर झाला आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा खालसाच केला. ज्या राज्यासाठी वकिली चालली होती ते राज्यच नकाशावरून पुसले गेले, तरी रंगो बापूजी लंडनमध्ये उभेच. १८५३ पर्यंत! तेरा-चौदा वर्षे माणूस परक्याच्या दारात न्याय मागत होता, आणि न्यायाधीश तेच, आरोपी तेच.

परतल्यावर त्यांनी अर्ज लिहिणे सोडले. सत्तावन्नच्या उठावाची साताऱ्याकडची जुळवाजुळव त्यांचीच. ती फुटली. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले. कुठे गेले, कुठे देह ठेवला, मागमूस लागला नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी प्रतापसिंह आणि रंगो बापूजी या दोघांवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्या. मला राहून राहून वाटते, साताऱ्याच्या त्या रात्री वाड्याऐवजी गावोगावच्या सभा राज्याच्या मालक असत्या, तर ओव्हान्सने किती पालख्या आणल्या असत्या? (टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. पंधरा मिनिटे उरली म्हणतात. औंध अजून यायचेच आहे, आणि मी नाशिकला आलो तो औंधासाठी. इराण मग दोन मिनिटांत उरकतो.

समोरून एक चिठ्ठी आली आहे: ‘मोसाद्देक तर लोकनियुक्त होते, संसदही होती, मग परक्यांनी त्यांना कसे पाडले?’ प्रश्न अडचणीचा आहे आणि मी तो टाळणार नाही. १९५१ मध्ये इराणने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. १९ ऑगस्ट १९५३ ला अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी पंतप्रधान मोसाद्देकांचे सरकार उलथवले. अमेरिकी हेरखात्याच्या स्वतःच्या कागदांतच ही कबुली साठ वर्षांनी बाहेर आली. गुन्हा परक्यांचाच, त्याला सूट नाही. पण त्याच महिन्यात, उठावाच्या थोडे आधी, मोसाद्देकांनी सार्वमत घेऊन संसद बरखास्तीचा कौल मिळवला होता. विरोधक विकले जात होते म्हणून त्यांनी तसे केले असेल. परिणाम असा झाला की, त्या ऑगस्टमध्ये सत्तेचा सगळा भार पुन्हा एका माणसावर आला आणि शहाच्या सहीच्या फर्मानाने त्याला बडतर्फ करता आले. पुन्हा सहीच! माझे म्हणणे याने मोडत नाही, उलट बळकट होते. (मागून: ‘चिलीचे काय?’) चिलीचे वेगळे व्याख्यान ठेवा, मी येईन. (हशा)

औंध. साताऱ्याच्या पूर्वेला तुकड्या-तुकड्यांत पसरलेले संस्थान: औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचे गुणदाळ. बहात्तर गावे, पाऊण लाखाच्या आसपास माणसे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रकार. याच राजांच्या आश्रयाने १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. कारखान्यात काम करणाऱ्यांना ते नाव सांगायला नको. १९३८ मध्ये, सत्तरीत पोचलेल्या या राजाने जाहीर केले की, राज्य प्रजेच्या हवाली करतो. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, विलायतेत शिकून आलेले, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर गांधीजींना जाऊन भेटले. गांधीजींचा आग्रह एकच, सत्तेचा पाया गाव असावा. २१ जानेवारी १९३९ ला औंधाची स्वराज्य घटना लागू झाली. प्रौढांना मत. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची समिती, समित्यांतून विधिमंडळ. गावचा तंटा गावातच मिटवायचा. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा ती.

भारताची राज्यघटना यायला तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता. इंग्रजांचा रेसिडेंट कोल्हापुरात बसलेला होता. आणि बहात्तर गावे आपला कारभार आपण बघायला शिकत होती. चुका झाल्या असतील, गावात भाऊबंदकी होती, जात होती, निरक्षरता तर होतीच. पण पुढे काय घडले पाहा. बेचाळीसची चळवळ दडपल्यावर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक मोठे ठाणे कुंडल, औंध संस्थानातले. जी. डी. बापू लाड कुंडलचेच. तुफान सेना, लोकन्यायालये, जून १९४३ मध्ये शेणोलीला रेल्वे अडवून लुटलेला सरकारी पगार, एप्रिल १९४४ मध्ये आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ लुटलेला सरकारी खजिना, हे सगळे १९४६ पर्यंत चालले. इंग्रजांनी पुढाऱ्यांवर इनामे लावली, माणसे पकडली, तरी ते सरकार उचलून कुठल्या पालखीत घालता आले नाही. कारण ते गावोगाव विखुरलेले होते. कुंडलच्या माणसांना पंचायतीत बसायची सवय आधीच लागली होती, याचा यात वाटा आहे, असे मी ठामपणे मानतो.

दुसरी चिठ्ठी. ‘फ्रीडमनही परकाच, मग त्याची मदत म्हणजे हस्तक्षेप नाही का?’ नाही. आणि हे मी थोडे जोरात सांगतो. कारण परक्याचे सगळेच वाईट, असे म्हणणारा माणूस उद्या शेजारच्या राज्यातून कामाला आलेल्या मजुरालाही परका म्हणेल, आणि या वसाहतीत ते बोलणे मी चालू देणार नाही. फ्रीडमनला बोलावले औंधकरांनी, नको म्हणायचा अधिकार औंधकरांचा. त्याच्यामागे पलटण नव्हती, कागदावर त्याला मुलूख लिहून द्यायचा नव्हता. घटना झाली ती औंधची, त्याची नव्हे. ओव्हान्सला साताऱ्याने परत जा म्हटले असते तर तो गेला असता का? फरक तिथे आहे.

अध्यक्ष महाराज, दोनच मिनिटे. लोकसभेवरचे, परराष्ट्र धोरणावरचे जे टिपण आणले होते ते राहिले, राहू दे. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच्या गावसभा मोठ्या कारभारात विरून गेल्या. आणि इथे? १९८२ मध्ये सातपूरची स्वतंत्र नगरपालिका जाऊन नाशिक महापालिका झाली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार एका प्रशासकाच्या सहीने चालला. एका सहीने! अधिकारी चांगले होते की वाईट, हा प्रश्नच नाही; प्रतापसिंह महाराजही चांगलेच होते. मला चिंता वाटते ती याची की, इतका काळ निवडलेले सभागृह नव्हते आणि आपल्यापैकी फार थोड्यांची त्याने झोप उडाली. उद्या दिल्लीच्या दारात कुठली परकी कंपनी, कुठले परके सरकार कागद पुढे करील, तेव्हा तो कागद वाचायला मागणारे लोक कुठे तयार होणार? ते इथेच, वॉर्डात आणि गावात तयार व्हायचे असतात.

तुमच्यापैकी अनेकांची गावे पेठला, दिंडोरीला, त्र्यंबकला, इगतपुरीला आहेत, मतदारयादीत नावेही तिथेच आहेत. येत्या १ मेला कारखान्याला सुट्टी आहे आणि गावात ग्रामसभा आहे. गावी जा, ग्रामसभेच्या वहीत सही करा, जमाखर्च वाचून दाखवा म्हणा, आणि वाचून होईपर्यंत उठू नका.