रतीब, खाडा आणि रक्तदाब

श्रोतेहो, रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी, बरे वाटले म्हणून परस्पर सोडू नये, हे आपणांस पुरेपूर ठाऊक आहे. तेव्हा त्या उपदेशात हाती असलेली मोजकी मिनिटे मी दवडणार नाही. मला बोलावयाचे आहे ते दवाखान्यात न आलेल्या रोग्याविषयी.

दुधाचा रतीब असलेल्या घरची गृहिणी दूध आले त्या दिवशी काहीच लिहीत नाही. आले नाही त्या तारखेवर मात्र न चुकता फुली मारते, आणि महिनाअखेरचा गवळ्याशी होणारा हिशेब त्या खाड्यांवरच चालतो. आमच्या दवाखान्यांच्या दप्तराची तऱ्हा नेमकी उलटी: जो आला त्याचे नाव, गाव, औषध सारे तपशीलवार, आणि जो तीन महिने फिरकला नाही त्याच्याविषयी चकार अक्षर नाही.

सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा या आपल्या जिल्ह्यांना आरंभीच सामावून घेणारा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम 2017 च्या नोव्हेंबरात देशात सुरू झाला, त्यात परिचारिकांच्या हाती ‘सिंपल’ नावाचे ॲप आले. कार्डावरील क्यूआर कोड मोबाइलला दाखविताच रोग्याचे खाते उघडते. दाबाचे आकडे, औषधे, पुढली तारीख, की काम झाले. परंतु त्याचे खरे मोल या नोंदीत नसून, मुदत टळलेल्यांची जी यादी ते आपण होऊन पुढे करते, तिच्यात आहे. गृहिणी तरी फुली मारून कुठे थांबते? दुसऱ्या सकाळी गवळ्याला दारातच हटकते. तसाच येथेही फोन लावावयाचा, आणि ‘येतो’ म्हणाला की गाव सोडून गेला, ते तेथेच टिपावयाचे.

पुन्हा सांगतो, खाडा मांडा. या उपक्रमाच्या हिशेबात दाब 140/90 च्या खाली उतरलेले आणि न उतरलेले यांच्या शेजारी ‘आलेच नाहीत’ असा तिसरा रकाना आहे. तो गाळला तर कोणत्याही दवाखान्याची टक्केवारी साजरी दिसेल! आणि परिचारिकाताई, फोनचा क्रमांक घेताना तो रोग्याचा की भिवंडीला राहणाऱ्या मुलाचा, एवढी खातरजमा आपण का करीत नाही?

राहिला खाजगी डॉक्टरांचा प्रश्न. रोगी तिकडे गेला की एकीकडे खाडा लागतो, दुसरीकडे कोरा कागद सुरू होतो, आणि तीच गोळी दोन नावांनी पोटात जाण्याचा धोका संभवतो. 14 अंकी आभा क्रमांकाने ही दोन दप्तरे जोडावीत अशी योजना आहे खरी; पण त्यासाठी लागणारी रोग्याची संमती कोणी आणि कशी विचारावयाची, हा विषय मोठा, आणि निवेदक तर घड्याळाकडे बोट दाखवीत आहेत. तो पुढल्या खेपेस. नमस्कार.