भोकांनी अडवलेली लाट

मंडळी, मी संगणकवाला, पण आज बोलणार आहे भोकांबद्दल! ऑगस्ट २०१२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळ संशोधकांनी जमिनीत ठराविक अंतरावर ५ मीटर खोल भोकं पाडली आणि शेजारी यंत्राने सेकंदाला ५० वेळा जमीन हादरवली. भोकांच्या रांगांपलीकडे हादरा जेमतेम पोचला. कारण प्रत्येक भोकावरून लाट थोडी उलटते. अंतर तिच्या लांबीशी जुळलं, की उलटलेल्या लाटा एकमेकींना बळ देतात.

पण ऊर्जा नाहीशी होत नाही हं! ती स्रोताकडे परतते. मग आपलं घर वाचवताना अलीकडच्या शेजाऱ्याचं काय? शिवाय भूकंपाच्या लाटा शेकडो मीटर लांब. त्यांना अडवायला भोकंही तितक्याच मोठ्या अंतरावर, अवाढव्य हवीत. १९९३ मध्ये किल्लारीत कोसळलेल्या दगडमातीच्या घरांना भक्कम बांधकामच हवं होतं.