फुलातले यीस्ट कोणाच्या सातबाऱ्यावर?

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठक कापसाच्या भावाची, आणि हे फुलातल्या यीस्टचे काय काढून बसले, असे तुम्हाला वाटेल. थोडा दम धरा.

मोह आपल्याला कोणी शिकवायला नको. पहाटे गळालेली फुले वेचून पाण्यात घातली की दोन-चार दिवसांत फसफसतात. त्यात विरजण कोणी टाकले? कोणीच नाही. यीस्ट, म्हणजे जुन्या पुस्तकातले किण्व, फुलाबरोबरच आले. आणि फुलात ते आले माशी-भुंग्याच्या अंगावरून. नुकत्या उमललेल्या फुलाच्या मधात यीस्ट जवळजवळ नसते. किडा येऊन गेला की ते तिथे पडते, साखर खाऊन वाढते आणि पुढच्या किड्याबरोबर दुसऱ्या फुलात जाते. पऱ्हाटीचेच बघा ना. आज उमललेले फूल उद्या गुलाबी होऊन मिटते. एका दिवसाच्या घरात राहणाऱ्याला किड्यावाचून गती नाही.

या जिवांची मोजदाद अजून व्हायचीच आहे. २०११ साली निघालेल्या यीस्टच्या मोठ्या ग्रंथात साऱ्या जगातल्या मिळून सुमारे १५०० जाती होत्या. पुढे सातेरी मधमाशीच्या आतड्यातून एक नवी जात काढली गेली. नाव स्टार्मरेला सेराना. सेराना हे सातेरीचेच शास्त्रीय नाव.

नवी जात ठरवतात कशी? फुलातला मध किंवा माशीचे आतडे पोषक आगरावर पसरतात. दोन-तीन दिवसांत पांढरट ठिपके उठतात. पूर्वी कोणती साखर आंबवते, कोणती नुसती खाते, यावरून जात ओळखायची. एका गावात एकाच नावाचे दोघे निघावेत तसा घोटाळा व्हायचा. १९९८ साली अमेरिकेतल्या कुर्त्झमन आणि रॉबनेट यांनी जनुकाच्या सुमारे ६०० अक्षरांच्या एका तुकड्याचा ताळा घालून दिला. त्यात शंभरात एकाहून जास्त अक्षरे वेगळी, तर जात बहुधा वेगळी. बहुधा म्हणतो, कारण पुढे आणखी तपास लागतोच. मग वर्णन छापायचे आणि नमुना गोठवून किंवा सुकवून संग्रहात ठेवायचा.

आपला प्रश्न त्या संग्रहाच्या दारात सुरू होतो. १९९५ च्या जागतिक व्यापार कराराने झाडे-जनावरे पेटंटबाहेर ठेवण्याची मुभा दिली, सूक्ष्मजीवांना नाही. निसर्गात सापडला तसाच जीव आपल्या कायद्याने पेटंट होत नाही, हे खरे. पण तो वापरून काढलेली नवी प्रक्रिया होऊ शकते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने सूक्ष्मजीवही जैविक संसाधन धरले आणि गावाच्या समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही दिली.

आम्हाला परवान्यांचे प्रेम नाही. अभ्यासकाने खुशाल यावे, फुले न्यावीत, माश्या न्याव्यात. त्याला अडवण्यात शहाणपण नाही. पण कोणत्या शिवारातून, कोणत्या झाडावरून नेले हे कुठेच लिहिलेले नसेल, तर उद्या वाटा मागायचा कशाच्या जोरावर?

तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन ती वही काढायला लावा. मोहाची झाडे कोणत्या बांधावर, सातेरीचे पोळे कोणत्या पोकळ खोडात, फूल कधी गळते, हे वेचणाऱ्या बायांना विचारून लिहून घ्या. तलाठ्याला ठाऊक नसते. पुढच्या बैठकीला येताना कोणत्या गावची वही सापडली आणि कोणत्या गावची नाही, एवढे सांगायला विसरू नका.