बटण दाबण्याआधी
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



लेथ मशीनवर बोलायला संयोजकांनी एक पूर्ण संध्याकाळ दिली, याचा मला मनापासून आनंद आहे. कोल्हापुरात हा विषय कुणाला परका नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या गल्ल्यांतून लेथवर वाढलेली घरं इथं समोरच बसली आहेत. कुणाचे वडील टर्नर होते, कुणाचा मुलगा आयटीआयला आहे, कुणाचं स्वतःचं वर्कशॉप आहे. म्हणून लेथ म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवत नाही. एकच गोष्ट मांडायची आहे. लेथवरची सुरक्षितता मशीन सुरू असताना सांभाळायची नसते. ती बटण दाबण्याआधी पूर्ण झालेली असावी लागते.

आपल्याकडे नव्या पोराला मशीनवर उभं करताना काय सांगतात? "लक्ष ठेव रे." सांगणाऱ्याची माया खरी असते, पण हा सल्ला अपुरा आहे. का, ते हिशेबाने बघू.

चकमध्ये 40 मिलिमीटरचा एक शाफ्ट धरला आहे आणि तो मिनिटाला 600 फेऱ्यांनी फिरतो आहे. अगदी रोजचं काम. म्हणजे सेकंदाला 10 फेरे. शाफ्टचा घेर साडेबारा सेंटिमीटर. काही विपरीत घडतंय हे कळून हात मागे घ्यायला चांगल्या तरतरीत माणसालाही पाव सेकंद लागतो. तेवढ्यात शाफ्ट अडीच फेरे फिरतो आणि 31 सेंटिमीटर कापड गुंडाळून घेतो. 31 सेंटिमीटर म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतची बाही, वर थोडी जास्तच. बाही अडकली हे मेंदूला कळतं तेव्हा हात शाफ्टवर पोचलेला असतो. मग ओढून काढू म्हणाल, तर तीन हॉर्सपॉवरची मोटर या वेगाला त्या कापडाला 180 किलोच्या आसपास ओढ देते. शिवाय फिरत्या चकच्या वजनाचा जोर वेगळाच. तालमीत वाढलेल्या पैलवानालाही ही ओढ थोपवता येणार नाही. इथं लक्ष कामाला येत नाही आणि ताकदही येत नाही. बाही आधीच कोपराच्या वर घट्ट दुमडलेली असणं, एवढंच कामाला येतं.

म्हणून तयारीची सुरुवात मशीनपासून करू नका, स्वतःच्या अंगापासून करा. सैल बाही नको, लोंबणारा मफलर नको. थंडीत पहाटेच्या शिफ्टला स्वेटरचे सुटलेले धागे नकोत. अंगठी काढायची, घड्याळ काढायचं, कडं काढायचं. मनगटावरचा गंडादोरा, गळ्यातली माळ हा श्रद्धेचा विषय आहे, मला त्याचा आदर आहे. पण गळ्यातलं काही मशीनवर वाकताना बाहेर लोंबता कामा नये. काढायचं नसेल तर बंद गळ्याच्या कपड्याच्या आत बंदोबस्त करा. मनगटावरचा दोरा मात्र उतरवून खिशात ठेवा. आता टर्नर ट्रेडला मुली येतात, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांनी ओढणी बाजूला ठेवावी आणि वेणी टोपीत घट्ट बांधावी. लांब केस ठेवणाऱ्या मुलांनाही हाच नियम आहे.

हातमोज्यांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथं चांगल्या हेतूने चूक होते. मालक पोरांच्या काळजीपोटी हातमोजे आणून देतो आणि पोरं ते घालूनच लेथ चालवतात. उघड्या बोटाला फिरता जॉब घासला तर कातडी सोलते, जखम होते, पण बोट बहुधा बाहेर येतं. मोजा पकडला गेला तर तो बोटाला आणि पाठोपाठ हाताला घेऊन जातो. मशीन थांबलेलं असताना धारदार चिप्स काढायला, जड जॉब उचलायला हातमोजे जरूर वापरा. बटण दाबण्याआधी ते काढून ठेवा. हातात धरलेल्या कॉटन वेस्टला आणि चिंधीलाही हेच लागू. गॉगल मात्र उलट. तो मशीन सुरू होण्याआधी डोळ्यांवर चढला पाहिजे आणि चक पूर्ण थांबेपर्यंत उतरता कामा नये. बिडाचं काम करताना उडणारा बारीक कण गरम असतो आणि टोकदारही असतो.

खंडेनवमीला आपण मशीनची पूजा करतो. चकला हार घालतो, टूलपोस्टला कुंकू लावतो. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडणारी ही रीत मला प्रिय आहे. दसऱ्यानंतर कामावर आल्यावर पहिलं काम मात्र हार, दोरे, फुगे, पताका उतरवण्याचं. मालकाने ते स्वतः बघावं, हेल्परवर सोडू नये.

आता मशीनकडे येऊ. सगळ्यात साधी आणि सगळ्यात घातकी वस्तू म्हणजे चकची चावी. जॉब घट्ट केला, चावी तशीच राहिली, बटण दाबलं, की ती चावी गोळीसारखी सुटते. कुठं जाईल सांगता येत नाही. यावर उपाय सवयीचा आहे. चावी चकमध्ये असेपर्यंत हात चावीवरून काढायचा नाही. हात निघाला की चावीही निघाली पाहिजे. स्प्रिंग लावलेली चावी मिळते, हात सोडला की ती आपोआप बाहेर येते. शिकाऊ पोरांच्या मशीनवर तीच ठेवा.

ट्रू चक असो की डॉग चक, जॉब किती खोल धरला आहे ते बघा. जॉच्या टोकावर धरलेला जॉब वरवर पक्का वाटतो. जुन्या चकचे जॉ तोंडाशी झिजून फाकलेले असतात. मग पकड फक्त आतल्या कडेला मिळते आणि टूलचा जोर आला की जॉब डोलतो. व्यासाच्या तिप्पट-चौपटीपेक्षा जास्त लांबी बाहेर असेल तर टेलस्टॉकचा सेंटर दिल्याशिवाय पुढं जाऊ नका. लांब सळई हेडस्टॉकच्या मागून बाहेर येत असेल तर तिकडंही नजर टाका. आधाराशिवाय मागे लोंबणारी सळई वेग वाढला की वाकते आणि मग चाबकासारखे तडाखे मारत फिरते. टर्नर पुढं उभा असतो. मागून चहा घेऊन येणारं पोरगं तिच्या टप्प्यात सापडतं.

टूल सेंटरच्या उंचीला बांधा आणि जेवढं लागेल तेवढंच बाहेर ठेवा. मग गिअर न्यूट्रलला घेऊन चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. जॉ टूलपोस्टला लागतो का, कॅरेजला घासतो का, ते इथंच कळतं. या एका फेऱ्याला दहा सेकंदही लागत नाहीत. जुना टर्नर हे न सांगता करतो. नव्या पोराला विचाराल तर त्याला ते कुणी दाखवलेलंच नसतं.

वेगाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हाय-स्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला 30 मीटरच्या आसपास कापण्याचा वेग धरतात. 12 मिलिमीटरच्या पिनेला तो सुमारे 800 फेऱ्यांनी मिळतो, 50 मिलिमीटरच्या शाफ्टला 190 फेऱ्यांनी. 200 मिलिमीटरच्या कास्टिंगला पन्नासाच्याही आत यावं लागतं. आता समजा, सकाळी पिना काढल्या. दुपारी डॉग चकमध्ये वेडंवाकडं कास्टिंग बांधलं आणि लिव्हर तशीच राहिली. मध्यापासून 10 सेंटिमीटरवर फक्त एक किलोचा असमतोल असला तरी 800 फेऱ्यांना तो 70 किलोच्या जोराने जॉब बाहेर खेचतो, आणि त्या जोराची दिशा सेकंदाला तेरा वेळा फिरते. अशी पकड टिकत नाही. जॉब सुटला तर तो पत्रा फाडून जातो. जॉब बदलला की वेगाची लिव्हर बघायचीच. पहिल्यांदा सुरू करताना चकच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं.

सुरू झाल्यावर हाताने करण्यासारखं फार थोडं असतं. चिप्स आकड्याने किंवा ब्रशने काढा, हाताने कधीच नाही. लांब रिबन निघत असेल तर फीड आणि टूलची धार बदला. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून जॉबवर धरणं बंद करा. पट्टीला चिकटवून वापरा. कानस मुठीशिवाय लावू नका, आणि मूठ डाव्या हातात धरा. चक आपल्या डाव्या बाजूला असतो. उजव्या हातात मूठ धरली तर डावा हात थेट चकवरून जातो. मापन करायचं तर मशीन थांबवून. कॅलिपर फिरत्या जॉबला लावून वाचवलेली दहा सेकंदं कुणाच्या बिलात दिसत नाहीत.

2011 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात भौतिकशास्त्राची एक हुशार विद्यार्थिनी रात्री उशिरा वर्कशॉपमध्ये लेथवर एकटीच काम करत होती. तिचे केस मशीनमध्ये सापडले आणि तिचा जीव गेला. शेवटच्या वर्षाला होती. पुढं विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या वर्कशॉप वापराच्या वेळांवर बंधनं घातली आणि देखरेखीला माणूस असल्याशिवाय काम करू देणं थांबवलं. जगातल्या नामवंत विद्यापीठात हे घडतं, तर ऑर्डर अर्जंट आहे म्हणून रात्री एकट्या पोराला लेथवर ठेवणाऱ्या आपल्या वर्कशॉपचं काय? बंद बटणापर्यंत पोचेल असं दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर असलं पाहिजे.

हात सापडलाच, तर पहिल्यांदा मशीन बंद, मग मेन बंद. ओढू नका. मोटरवर उलटं फिरवू नका. कापड कापा, जॉ सैल करा, चक हाताने फिरवून माणूस मोकळा करा. रक्त दाबून धरा, 108 ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, त्याने पेशी मरतात आणि जोडायची आशा संपते.

1948 च्या कारखाने कायद्यात चालू यंत्राजवळच्या कामाबद्दल एक कलम घातलं गेलं. तेल देण्याची किंवा तपासणीची वेळ आलीच तर ते काम खास शिकवलेल्या प्रौढ कामगारानेच करावं, अंगात तंग बसणारे कपडे असावेत आणि ते मालकाने पुरवावेत. चांगलं कलम होतं. पण चार-पाच माणसांचं वर्कशॉप सहसा कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. कामगार विम्याला दहा माणसं लागतात, तिथंही ते बसत नाही. म्हणजे ज्या गल्लीत बोटं जास्त धोक्यात, तिथं निरीक्षक येत नाही आणि विमाही नाही. ही उणीव मला बोचते. ती भरून निघेपर्यंत मालकांनी निदान खासगी अपघात विमा तरी काढावा.

उजेडाबद्दल एक सूचना. चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. तेवढ्या एकाच उजेडात तीन जॉचा चक 2000 फेऱ्यांना चक्क थांबल्यासारखा दिसू शकतो. ट्यूब वेगवेगळ्या फेजवर विभागून घ्या, किंवा न लुकलुकणारा चांगला दिवा थेट मशीनवर लावा.

शेवटी समोर बसलेल्या मालकांना एक विनंती. आपल्याकडे वीज जाते आणि कुणी सावध होण्याआधी परत येते. वीज गेली म्हणून टर्नर चकमध्ये हात घालतो. जुन्या साध्या स्विचचं मशीन वीज आल्याबरोबर आपोआप फिरू लागतं. पुश बटणाचा नीट चालणारा स्टार्टर असेल तर वीज आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय ते फिरत नाही. उद्या सकाळी काम सुरू होण्याआधी प्रत्येक लेथ रिकामा चालवा, सगळ्यांना लांब उभं करा, मेन बंद करा आणि पुन्हा द्या. जे मशीन आपोआप फिरेल, त्याचा स्टार्टर बदलल्याशिवाय त्या दिवशी त्याच्यावर काम लावू नका.