आरक्षण म्हणजे प्रतिनिधित्व



"आरक्षण जातीवर नको, गरिबीवर द्या," असं ऑफिसात रोज ऐकतो. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ आर्थिक निकषावरील १० टक्के आरक्षण रद्द केले. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने ते पुन्हा आले. २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी टिकले. पण त्यातून अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींतला गरीब वगळला. म्हणजे शेवटी जातच पाहिली ना?

भाड्याने खोली मागताना पगार सांगूनही आडनाव विचारतात. गरिबाला शिष्यवृत्ती, रोजगार मिळालाच पाहिजे. आरक्षण मात्र प्रतिनिधित्वासाठी आहे. कॉलेजात टोमणा ऐकून मुलांनी मान खाली घालू नये. हे उत्तर त्यांना घरीच शिकवा.

जय भीम! नमो बुद्धाय!