सही झाली, संमती मिळाली का?

(यंदाच्या उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)





व्याख्यानमालेत संतसाहित्य, आरोग्य, गुंतवणूक असे विषय नेहमी असतात. यंदा समितीने आयटीमधला विषय मागितला. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुले, सुना, जावई या क्षेत्रात आहेत. पण "तो नक्की काय करतो?" असे विचारले की "कंप्युटरमध्ये आहे" एवढेच उत्तर मिळते. त्यातही 'बिझनेस ॲनालिस्ट' म्हटले की घरचे गप्पच बसतात. प्रोग्राम तो लिहीत नाही, विक्री करत नाही, मग दिवसभर मीटिंगमध्ये बसून करतो तरी काय?

घर बांधण्याचे उदाहरण घेऊ. मालक म्हणतो, "स्वयंपाकघर मोठं हवं." गवंड्याला ते फुटांत आणि इंचांत सांगावे लागते. या दोघांच्या मध्ये जो उभा असतो, तो बिझनेस ॲनालिस्ट. ओट्याची उंची किती ठेवायची, हे त्याने विचारायचे असते. आणि ते घराचे पैसे देणाऱ्याला नव्हे, तर रोज ओट्याशी उभे राहणाऱ्या व्यक्तीला विचारायचे असते. प्रकल्पाचा ज्यांच्या कामावर, खिशावर किंवा जबाबदारीवर परिणाम होतो, त्या सगळ्यांना आमच्या भाषेत स्टेकहोल्डर म्हणतात. त्यांच्याशी नीट बोलणे, हा आमच्या कामाचा गाभा आहे. ते नीट झाले नाही तर काय होते, याचा एक खरा दाखला आज सांगणार आहे.

लंडन शहराची रुग्णवाहिका सेवा. १९९२ च्या सुमारास सहाशे चौरस मैलांहून थोडा अधिक परिसर आणि सुमारे अडुसष्ट लाख लोकवस्ती तिच्याकडे होती. रोज दोन ते अडीच हजार फोन येत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक तातडीचे असत. हा सारा कारभार कागदावर चाले. फोन घेणारा कर्मचारी फॉर्मवर पत्ता लिहून घेई, नकाशाच्या पुस्तकात ठिकाण शोधी आणि फॉर्म सरकत्या पट्ट्यावर टाकी. पुढे बसलेला कर्मचारी एकाच अपघाताबद्दल दोन-तीन फोन आले असतील तर ते ओळखून बाजूला काढी. मग कुठली गाडी जवळ आहे ते पाहून फोनवर किंवा वायरलेसवर निरोप जाई. फोन आल्यापासून तीन मिनिटांत गाडी निघावी अशी अपेक्षा होती, आणि कागदाने ती साधणे कठीण होते. तेव्हा संगणक आणायचा हा निर्णय मुळात चुकीचा नव्हता, हे लक्षात घ्या.

नवी यंत्रणा २६ ऑक्टोबर १९९२ रोजी, सोमवारी, सुरू झाली. गाडी कुठे आहे हे यंत्राला आपोआप कळणार, आणि कुठली गाडी पाठवायची हेही यंत्रच सुचवणार, अशी कल्पना होती. पहिल्याच दिवशी घोटाळा सुरू झाला. गाडीतले कर्मचारी 'निघालो', 'पोहोचलो' अशी बटणे दाबत. ती कधी चुकीची दाबली गेली, कधी वायरलेसचा संदेश पोहोचलाच नाही. नेमून दिलेली गाडी सोडून कर्मचाऱ्यांनी दुसरी घेतली, तर यंत्राला ते ठाऊक नसे. मग यंत्राच्या मते जवळ असलेली गाडी प्रत्यक्षात भलतीकडेच असायची. एका ठिकाणी दोन गाड्या, तर दुसरीकडे एकही नाही! वाट पाहून थकलेले लोक पुन्हा फोन करू लागले, त्यामुळे फोन वाढले. सूचनांची यादी इतकी लांबली की तातडीच्या सूचना पडद्यावरून वर सरकून दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धे काम पुन्हा हाताने सुरू करावे लागले. दोनच दिवसांत सेवेच्या मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरच्या पहाटे तर यंत्रणा पूर्ण बंद पडली आणि सगळे कागदावर परत आले.

त्या शेवटच्या बंद पडण्याचे कारण प्रोग्रामातली एक छोटी चूक होती. पण त्याआधीचा गोंधळ निव्वळ प्रोग्रामचा नव्हता. १९९३ च्या फेब्रुवारीत चौकशी समितीचा अहवाल आला. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने तो वाचावा असा आहे. यंत्रणा कशी हवी हे ठरवताना गाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा सहभाग फारच थोडा होता. संघटनेच्या प्रतिनिधींना निमंत्रण गेले होते; परंतु निमंत्रण पाठवणे म्हणजे विचारणे नव्हे, हे आपल्याकडे लग्नकार्य केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही! व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यात आधीपासून अविश्वास होता. नियंत्रण कक्षातले आणि गाड्यांवरचे लोक यांचे एकत्र प्रशिक्षण पुरेसे झाले नव्हते. कक्षाची मांडणी बदलल्यामुळे, शेजारी बसून एकमेकांच्या अडचणी सोडवणारी माणसे वेगवेगळी बसली. आणि सुरू करण्याच्या दिवशी ८१ ज्ञात त्रुटी शिल्लक होत्या. ज्ञात! म्हणजे त्या कोणाच्या तरी यादीत लिहिलेल्या होत्या. तरीही "आज थांबू या" हा निर्णय झाला नाही.

पुढचा भाग कमी सांगितला जातो, पण तो महत्त्वाचा आहे. त्याच सेवेने १९९६ च्या जानेवारीत नवी यंत्रणा सुरू केली आणि ती चालली. या वेळी घाई केली नाही. आधी कर्मचाऱ्यांशी तुटलेले संबंध सांधण्यावर भर दिला. काम स्वतःच्या लोकांकडून करून घेतले, नमुने दाखवून कर्मचाऱ्यांची मते घेतली, आणि सगळे एकदम न आणता थोडे थोडे आणले. शहर तेच, सेवा तीच. बोलण्याची पद्धत मात्र बदलली होती.

यातून आमच्या तरुण ॲनालिस्ट मंडळींनी काय घ्यावे? मी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट : खोलीत कोण नाही, ते आधी पाहा. स्टेकहोल्डरांची यादी करताना आम्ही एक चौकट काढतो : कोणाच्या हाती अधिकार जास्त, कोणाला रस जास्त. जास्त अधिकारवाल्यांना दर आठवड्याला सुबक अहवाल जातो. अधिकार कमी पण काम रोजचे, अशा माणसाला मात्र "माहितीसाठी" म्हणून एक ई-मेल जातो. लंडनचा रुग्णवाहिका चालक याच चौकोनात होता, आणि गाडी कधी बदलावी लागते हे त्यालाच ठाऊक होते. म्हणून यादी करताना तीन प्रश्न विचारा. हे काम आज कोण करतो? रात्रपाळीत कोण करतो? आणि चुकले तर निस्तरतो कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मीटिंगमध्ये नसलेला माणूसच असतो.

दुसरी गोष्ट : "तुम्हाला काय हवं?" असे विचारू नका, "काल काय केलंत ते दाखवा" असे म्हणा. माणसाला आपली गरज शब्दांत सांगता येतेच असे नाही, पण कालचा दिवस नक्की सांगता येतो. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. ड्रॉवरमधली वही, पडद्याला चिकटवलेली चिठ्ठी, स्वतःपुरती केलेली एक्सेल शीट यांवर लक्ष ठेवा. जिथे अधिकृत पद्धत अपुरी पडते, तिथेच अशा वह्या जन्माला येतात. तुमच्या दस्तऐवजात नसलेला नियम त्या वहीत सापडतो.

तिसरी गोष्ट : शब्द एकच असला तरी अर्थ एकच असतो असे समजू नका. "ऑर्डर पूर्ण झाली" हे साधे वाक्य घ्या. गोदामवाल्याच्या लेखी माल ट्रकमध्ये चढला की ऑर्डर पूर्ण. हिशेबवाल्याच्या लेखी बिल फाडले की पूर्ण. विक्रीवाल्याच्या लेखी गिऱ्हाइकाच्या हातात माल पडला की पूर्ण. तिघेही एकाच मीटिंगमध्ये मान डोलावतात, आणि सहा महिन्यांनी तीन वेगळे आकडे समोर येतात. आपण परप्रांतात राहणारी माणसे हे चांगले जाणतो. इथे आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच "स्वल्प अडजस्ट माडी" हे कन्नड वाक्य आपण शिकतो. बसमधल्या बाकावर ते फार उपयोगी आहे. प्रकल्पाच्या दस्तऐवजात मात्र कोणी किती 'अडजस्ट' करायचे, हे आकड्यांत लिहावे लागते. म्हणून सुरुवातीलाच शब्दांची एक छोटी सूची करा आणि सगळ्यांना वाचून दाखवा.

चौथी गोष्ट, आणि ही सर्वांत अवघड : वाईट बातमी लवकर, छोटी असतानाच आणि पर्यायांसह सांगा. "८१ त्रुटी आहेत" असे नुसते सांगितले तर साहेब म्हणतील, "बघून घ्या." त्याऐवजी सांगा, "यांतल्या इतक्या त्रुटींमुळे गाडी उशिरा पोहोचू शकते. तारीख तीच ठेवायची असेल, तर आधी एकाच भागात सुरू करू, आणि कागदाची पद्धत महिनाभर सोबत चालू ठेवू. सगळीकडे एकदम हवं असेल, तर तारीख पुढे न्यावी लागेल. दोन्हींत खर्च असा येईल." आता निर्णय घेणाऱ्याला निवड करावी लागते. निवड त्याची, ती समोर मांडण्याचे काम तुमचे.

आपल्याकडे याला एक खास अडचण आहे. वडीलधाऱ्यांसमोर, साहेबांसमोर 'नाही' म्हणायचे नाही, हा संस्कार आपल्या अंगात भिनलेला आहे. त्यामुळे मीटिंगमध्ये "काही शंका?" असे विचारले की शांतता पसरते, आणि परदेशातला क्लायंट त्या शांततेला होकार समजतो. मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर मात्र खरे बोलणे सुरू होते : "हे काही चालायचं नाही." चांगल्या ॲनालिस्टने टपरीवरचे ते वाक्य कोणाचेही नाव न घेता मीटिंगच्या टेबलावर आणायचे असते. त्यासाठी आधी कनिष्ठांशी स्वतंत्र बोलावे. आणि "शंका आहे का?" ऐवजी "हे कुठे अडेल असं वाटतं?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला गप्प बसणारा माणूस दुसऱ्याला उत्तर देतो, कारण त्यात कोणाचा अवमान होत नाही.

हल्ली मीटिंगचे इतिवृत्त संगणकच तयार करून देतो. चांगलीच सोय आहे, वापरा. पण जे बोलले गेले तेवढेच त्यात येते. कोण गप्प बसला आणि का, ते तुम्हालाच टिपावे लागेल.

शेवटी दस्तऐवजावर सही होते. तो आमच्याकडे आनंदाचा क्षण, पेढे वाटावेत असा! पण शंभर पानांच्या दस्तऐवजावर घाईत केलेली सही म्हणजे संमती नव्हे. सहीपूर्वी एक खरा प्रसंग, खऱ्या आकड्यांसह, त्या माणसासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून दाखवा. काय होणार नाही, याचीही यादी द्या. त्यानंतर तो जे बोलेल, ती खरी संमती किंवा खरा नकार. नकार मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका. सुरू झाल्यानंतर मिळणाऱ्या नकारापेक्षा तो फार स्वस्त असतो.

जाता जाता आपल्या उत्सवापुरते बोलतो. मूर्तिकार, मंडपवाले, वीजमंडळ, पोलिस, वर्गणीदार या सगळ्यांशी आपली समिती वेळेवर बोलते. पण मंडपामागच्या घरातल्या, परीक्षा जवळ आलेल्या मुलाशी आणि आजारी आजोबांशी कोण बोलते? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको, हा नियम सरकारने २००० सालीच केला आहे. परंतु नियम सांगेपर्यंत थांबण्याऐवजी, पुढच्या वर्षी मंडपाचा खांब रोवण्यापूर्वी त्या घराची बेल वाजवून "तुम्हाला कुठली वेळ अडचणीची?" एवढे विचारले, तर आजच्या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत. अर्थात शांतता म्हणजे होकार नव्हे, हे मी आत्ताच सांगितले आहे; म्हणून प्रसाद घेताना शंका जरूर विचारा!

गणपती बाप्पा मोरया!